न दिसणारा उजेड

योगराजने गमछ्याने चष्मा पुसला आणि लेकीच्या लॅपटॉपवरची उतरती रेघ पुन्हा पाहिली.

"हे काय होय वं?"

"उजेड हाय बाबा. कमी होऊन राहिला."

रुची परदेशातल्या प्रयोगशाळेतून सुट्टीवर दवनीवाड्याला आली होती. त्या प्रयोगशाळेत मोठ्या टाकीत आर्गॉन वायू गारठवून पाण्यासारखा पातळ करतात. त्यातून एखादा सूक्ष्म कण गेला की क्षणभर उजेड पडतो. तो डोळ्यांना दिसत नाही. लेप लावलेल्या पट्ट्या त्याला दिसेलसा करतात. हे तिसऱ्यांदा सांगून झालं होतं आणि तिसऱ्यांदा योगराजच्या डोक्यावरून गेलं होतं. जो दिसतच नाही तो कमी झाला म्हणून पोरीने जेवण का टाकावं?

एवढं मात्र त्याला कळलं होतं की पट्ट्या टीनाने, रुचीच्या मैत्रिणीने केल्या होत्या. लेप कच्चा निघाला, असा अहवाल रुचीने लिहून ठेवला होता. तो अहवाल वर गेला की टीनाची नोकरी गेलीच.

योगराजने गोंदियाच्या राइस मिलमध्ये वीस वर्षं सॉर्टेक्स, म्हणजे तांदूळ निवडायचं यंत्र, चालवलं होतं. मशीनच्या काचेमागच्या कॅमेऱ्याला काळा दाणा दिसला की हवेची फुंकर त्याला बाहेर उडवते. त्याला तेवढाच उजेड ठाऊक.

"आमची मशीन चुकली का नवे लोकं काचेलेच दोष देतेत," तो म्हणाला. "मी पहिले हवा पाहातो. हवेत ओल शिरली तर काच बिचारी काय करंल?"

रुची थबकली. तिने घाईने दुसरा आलेख उघडला.

"पट्टी खराब असती तं सगळाच उजेड सारखा घटला असता," ती पुटपुटली. "इथं पहिली चमक जवळपास तशीच हाय. मागून रेंगाळते तोच उजेड मेला. टाकीत हवा शिरली, बाबा."

"मंग टीनाची चूक नाई?"

"नाई."

योगराजची छाती फुगली. आपल्या अडाणी बोलण्याने काम फत्ते झालं म्हणायचं! पण पोरीचं तोंड काऊन उतरलं, ते त्याला उमगेना.

"टाकी कोणं भरली होती?"

अहवालातलं टीनाचं नाव रुचीने खोडलं आणि तिथे दुसरं टाइप केलं. योगराजला इंग्रजी वाचता येत नसे, पण लेकीचं नाव तो कुठल्याही कागदावर ओळखी.

आपण हवेचं नाव काढलंच नसतं तर, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"चाय मांडू?" तो म्हणाला.

"थांबा बाबा. पहिले टीनाले फोन करू द्या."