शेंड्याचं पान

आमच्या ओट्टपालमला वाढदिवस तारखेने नाही, नक्षत्राने धरतात. मालूचा असतो एडवम महिन्यातल्या रेवतीवर. माझ्याकडे काम एवढंच होतं, की कॅलेंडर बघून बायकोला दिवस कळवायचा. मी कळवला. बीनाने कुवेतच्या हॉस्पिटलात हातापाया पडून दहा दिवसांची रजा मिळवली आणि तिकीट काढलं. ती तिथे नर्स आहे. इथे घर आणि मालू मी सांभाळतो. पोरीचे मागचे दोन वाढदिवस तिने मोबाइलवरच पाहिले. गेल्या वर्षी तर मालूने पायसमचा चमचा थेट मोबाइलला, म्हणजे आईच्या तोंडाला लावला होता. मी चिकट मोबाइल पुसत बसलो आणि पलीकडे बीना डोळे पुसत बसली.

यंदा बीना वाढदिवसाच्या आदल्या सकाळी पोचली. दुपारी अच्युतन मामा आले. माझी आई गेल्यावर मला यांनीच वाढवलं, त्यामुळे घरात शेवटचा शब्द त्यांचा. आल्या आल्या त्यांनी कॅलेंडरला नाक लावलं.

"सेतू, या महिन्यात रेवती किती वेळा आहे?"

"किती वेळा म्हणजे?"

"म्हणजे माझं कपाळ! उद्या दोनला आहे, तशीच एकोणतीसलाही आहे. महिन्यात नक्षत्र दोनदा आलं की दुसरं धरायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. उद्या वाढदिवस नाही."

एकोणतीसला बीना परत वॉर्डात असणार होती. मी पहिली रेवती दिसताच कॅलेंडर मिटलं होतं, गाढवासारखा. नारळ खवणारा बीनाचा हात थांबला.

"मामा, उद्याच करू या ना," ती म्हणाली. "देव काय वही घेऊन बसलाय?"

"देव नसेल, मी बसलोय," मामा म्हणाले आणि चहा न घेताच निघून गेले.

"बीना, माझं चुकलं—"

"तुम्ही आता काही बोलू नका."

म्हाताऱ्याला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि त्याच्या दुप्पट स्वतःला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मामा दारात हजर. एका हातात दुधाची किटली, बगलेत केळीची पानं.

"समई लाव."

"पण वाढदिवस तर—"

"मालूचा एकोणतीसला. तो मी करीन, यथासांग करीन. पण ती जन्मली तेव्हा बारा तास कळा कोणी काढल्या? तू? तू तर समोरच्या टपरीवर केळ्याची भजी हाणत होतास."

हे खरं होतं.

"मग आजची पहिली रेवती आईची. बीना, बस गं."

समईसमोर त्यांनी शेंड्याचं पान मांडलं. ते वाढदिवस असेल त्याचं. त्याला आधी वाढायचं, आणि त्याने पहिला घास घेतल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही.

"मामा, असं कुठे असतं का?"

"आजपासून असतं. मी सांगतोय ना!"

बीना बसली खरी, पण हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. मी भात वाढायला लागलो तर दोनदा उठून माझ्या हातातला डाव घ्यायला आली. दोन्ही वेळा मामा ओरडले, "बस म्हटलं ना!" लग्नाला आठ वर्षं झाली, पण या बाईला कोणी आधी वाढलेलं मी पाहिलं नव्हतं. मीही कधी वाढलं नव्हतं. मामांचे पाय धरावेसे वाटले. हातात डाव होता म्हणून राहिलं.

तेवढ्यात मालू पायसमचा चमचा सांडत सांडत आली.

"आज तुझा वाढदिवस. आधी तू खा. नाहीतर आम्हाला कोणालाच मिळणार नाही."

तिने चमचा आईच्या तोंडाला लावला. बीनाने खाल्लं. मालूने चमचा उलटा करून नीट बघितला.

"बाबा, संपलं!" ती मला ओरडून सांगायला लागली. "अम्माने खरंच खाल्लं!"