चकती पडायच्या आत

मीराला बर्फावरच्या हॉकीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण दिवाळीपासून तिचा थोरला भाऊ शैलेंद्र टोरांटोहून फोन उचलेनासा झाला. आईने दहादा निरोप पाठवला की एकदा उत्तर यायचं, 'ठीक है'. तो बोलायचा एकाच ठिकाणी, इंटरनेटवर चालणाऱ्या हॉकीच्या व्हिडिओ गेममध्ये, कानांना हेडफोन लावून. मग मीराने त्याचाच जुना कन्सोल माळ्यावरून काढला. विजय नगरच्या घरी शाळेत शिकवून आली की तपासायच्या वह्या बाजूला सारून ती रोज संध्याकाळी खेळायला बसू लागली.

शैलेंद्रने तिला आपल्या टीममध्ये घेतलं आणि मधल्या जागेवर उभं केलं. तिथे दोन खेळाडू समोरासमोर वाकून उभे राहतात, रेफरी मधे चेंडूऐवजी असणारी रबरी चकती टाकतो आणि जो ती आपल्याकडे ओढेल त्याच्या टीमकडे खेळ जातो. याला फेसऑफ म्हणतात.

"चकती टेकली की काठी मागे ओढ," तो म्हणाला. "बस, इतकंच."

इतकंच, पण जमेना. चकती पडताना दिसायची, तिचा अंगठा हलायचा आणि तोवर समोरच्याने ती नेलेली असायची. पहिल्या दिवशी ती अकरापैकी अकरा हरली.

"काय करून राहिली तू? नीट बघ ना!"

"बघूनच तर राहिली रे दादा."

दोष डोळ्यांचा नव्हताच. खेळ चालायचा टोरांटोकडच्या मशीनवर, इथे चित्र उशिरा पोचायचं. तिला इथे पडताना दिसणारी चकती तिकडे केव्हाच पडून गेलेली असायची. तिने ओमतीच्या बाजारातून इंटरनेटची चांगली वायर आणली, आईला त्या वेळात फोनवर मालिका बघायची बंदी केली. काडीचा फरक पडला नाही.

मग तिने चकतीकडे बघणंच सोडलं. ती रेफरीचा हात बघू लागली. हात हलला की मनात 'एक' म्हणायचं आणि चकती पडायच्या आत ओढायचं. फार लवकर ओढलं की रेफरी त्या जागेवरून हाकलून द्यायचा. महिनाभर ती हेच करत राहिली. एका मंगळवारी तिने लागोपाठ तीन फेसऑफ जिंकले आणि शैलेंद्र हसला. "अरे वा, मीरे! क्या बात है!"

मीराही मोठ्याने हसली. आई, वसुधाबाई, हातातली पळी तशीच घेऊन दारात आल्या. "काहून हसली गं? तो हसला काय?"

मीराने मान डोलावली. घड्याळात साडेसात वाजले होते. तिकडे सकाळचे नऊ. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, विचारायचा धीर होत नव्हता. आज झाला.

"दादा, तुला ऑफिस नसतं का?"

पडद्यावर त्याचा खेळाडू जागीच थांबला.

"सप्टेंबरपासून नाही. आईला सांगू नको."

"मग घरी ये ना."

"येऊन काय करू? सगळ्यांना काय सांगू?"

वसुधाबाई दारातून खुणावत होत्या, जेवतो का विचार, झोपतो का विचार. मीराला वाटलं, आपल्याच्याने होत नाही ते आईच्याने होईल. तिने हेडफोन काढून आईच्या कानांना लावला.

"शैलू, अरे बाळा..."

पडद्यावरचं त्याचं नाव विझलं.

आईने हेडफोन हळूच टेबलावर ठेवला. "माझा आवाज ऐकूनच गेला काय?" त्यांनी विचारलं. मग मीराने आईला सगळं सांगितलं.

बुधवारी तो आला नाही. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारीही नाही. निरोपांना आता 'ठीक है'सुद्धा येईना. मीरा कन्सोल सुरू करून नुसती बसून राहायची. त्याच्या कोण्या मित्राचा नंबरही घरात कोणाजवळ नव्हता.

रविवारी त्याचं नाव उजळलं. त्याचा माईक बंद होता. मीराने दोनदा "दादा" म्हटलं, उत्तर आलं नाही. खेळ सुरू झाला. ती वाकली, रेफरीच्या हाताकडे बघत राहिली आणि चकती मागे ओढली. डावीकडे त्याचा खेळाडू पास मागत बर्फावर काठी आपटत होता. तिने चकती त्याच्याकडे सरकवली.

"बोलला काय?" आईने विचारलं.

"नाही. पण आहे."

वसुधाबाईंनी खुर्ची ओढली आणि पडद्याजवळ वाकून विचारलं, "यातला आपला शैलू कोणता?"