खेचरानं पाडलेले दात

बुजादमधल्या दातांच्या दवाखान्यात मी चौदा वर्षं नावनोंदणीला बसते. तेरा वर्षांची घिता आईबरोबर आली तेव्हा तिचा खालचा पटाशीचा दात जिभेनं ढकलला तरी हलत होता. कीड नाही, दुखणं नाही, दात रोज घासलेले. डॉक्टर बहीजांनी एक्स-रे काढला. त्या दातापाशी आणि पहिल्या दाढांपाशी जबड्याचं हाड खंगलं होतं.

डॉक्टरबाईंनी समजावलं, की हे एका जंतूचं काम. घरातल्या एकाच्या लाळेतून तो दुसऱ्याकडे जातो. पुष्कळांच्या तोंडात गप पडून असतो, पण ज्याला आईबापांकडूनच त्याच्याशी झुंजायची ताकद कमी मिळाली, त्याच्या हिरड्यांवर तो उठतो. म्हणून दोन्हीकडच्या सगळ्यांना तपासायला हवं.

घरी पोचलं ते एवढंच, की खोट आईकडून नाहीतर बापाकडून आली.

बुधवारी चौदा माणसं आली. बापाकडची खिडकीशी बसली, आईकडची दाराशी. घिताची आजी, हाजा तामू, ओठ न उघडता पुटपुटली, की सुनेच्या माहेरी सगळंच पोकळ. त्यावर घिताचे मामा बुअझ्झा उठले. आमच्या घराण्याचा जबडा बघा म्हणाले, माझं लाकडी स्टूल दातात धरून उचललं आणि खोलीत एक फेरी मारली. स्टूल खाली ठेवलं तेव्हा दोन दात त्याच्या कडेलाच राहिले.

हाजा तामूला हसू आवरेना. त्या हसण्यात तिची कवळी घसरून मांडीवर पडली. तिला कवळी आहे हे तिच्या मुलालाही ठाऊक नव्हतं.

बाईंनी तिला शांतपणे विचारलं, दात कधी गेले?

"विसाव्या वर्षी. खेचरानं लाथ मारली."

तोंडावर रुमाल दाबून मामा म्हणाले, की माझेही खेचरामुळेच हलत होते. मग मावशी, मग काका. मी लिहीत गेले. दुपारपर्यंत अकरा जणांना खेचरानं लाथाडलं होतं.

घिता म्हणाली, "आजी, आपल्याकडे खेचर कधी होतं गं?"

"शेजाऱ्यांचं होतं," आजी म्हणाली.

बाईंनी सगळ्यांच्या हिरड्यांतला नमुना घेतला. नऊ तोंडांत तो जंतू निघाला, खिडकीकडच्या पाच आणि दाराकडच्या चार. मग मामांनी हाजा तामूला पाणी आणून दिलं.

घिताचा तो दात काढावाच लागला. हिरड्यांखालून सगळं खरवडून साफ केलं, गोळ्या दिल्या, दाढा टिकल्या. तिच्या धाकट्या भावाच्या तोंडातला जंतू तर हाड खंगायच्या आतच सापडला. आता दर तीन महिन्यांनी सगळी एकाच गाडीतून येतात आणि आधी आत कोणी जायचं यावरून माझ्यासमोर भांडतात.