ट्वायलाचं पहिलं विधेयक

माझी धाकटी बहीण ट्वायला आमदार झाली तेव्हाच मी तिला म्हटलं होतं, "बाई गं, तिथे हुशार माणसं कमी आणि हौशी फार." तिने हसण्यावारी नेलं. आमच्या डेन्बी गावात सगळे तिच्यावर खूश होते, कारण ती एकाच कामासाठी राजधानीला चालली होती. ते काम म्हणजे आमची शाळा.

शाळेची मुख्याध्यापिका मी, आर्डिस. पटसंख्या कमी म्हणून जिल्ह्याच्या मंडळाने उन्हाळ्यात शाळेला कुलूप ठोकायचं ठरवलं होतं. मग पहिलीतल्या चिमुरड्यांनीसुद्धा चाळीस मैल बसने जायचं, तेही आमच्याकडच्या बर्फात. सुटायची वाट एकच होती, चार्टर शाळा. पैसा राज्याचा, कारभार गावाचा. पण आमच्या राज्यात असल्या शाळांना मंजुरी फक्त मोठ्या शहरांत मिळायची. ती लहान गावांनाही मिळावी, एवढंच ट्वायलाचं विधेयक होतं. समितीत ते बिनविरोध पास झालं. विधानसभेचे सभापती मर्ल स्टाव्हिग तर तिला म्हणाले, "मतं खिशात आहेत समज."

मतदानाच्या दिवशी मी प्रेक्षकसज्जात जाऊन बसले. आता आमच्या विधानसभेची एक जुनी खोड सांगायला हवी. नव्या आमदाराचं पहिलं विधेयक आलं की त्याची थट्टा करायची. आधी वेडेवाकडे प्रश्न विचारायचे, मग सगळ्यांनी मिळून विरोधाचं लाल बटण दाबायचं. भिंतीवरचा फलक लालेलाल झाला, नवा माणूस घामाघूम झाला, की हसत हसत सगळ्यांनी हिरवं दाबायचं. पन्नाशी-साठीची माणसं, पण शाळेतल्या पोरांनी केलं असतं तर मी कान उपटले असते.

ट्वायलाच्या शेजारच्या बाकावरचा आमदार गॉर्डी लिंडव्हॅल उठला. हा गहू विकून गब्बर झालेला, आणि स्वतःला फार विनोदी समजणारा.

"ट्वायलाबाई, या शाळेत मास्तरणींना गायींच्या धारा काढता यायला हव्यात का?"

"तुमच्या मतदारसंघात शाळा काढली तर तशी अट घालू," ट्वायला म्हणाली.

सभागृह खदखदा हसलं. मग बटणं दाबली. फलक लाल झाला, तिचा एकटीचा दिवा हिरवा. सगळे तिच्याकडे बघून हसत होते, आणि शेवटपर्यंत लाल कोण ठेवतो अशी जणू पैज लागली होती. जो तो म्हणत होता, आधी दुसऱ्याला बदलू दे.

त्या दिवशी गुरं पाळणाऱ्यांच्या संघाने खालच्या मजल्यावर आमदारांसाठी भाजलेल्या मांसाची सँडविचं ठेवली होती. ती निवतायत असा निरोप सभापतींच्या कानावर पडला. त्यांनी फलकाकडे बघितलंही नाही. "सर्वांची मतं झाली? मतदान बंद," म्हणाले आणि हातोडा आपटला.

विधेयक पडलं. तरी लोक हसतच होते, त्यांना हाही थट्टेचाच भाग वाटला.

जिन्यात मी गॉर्डीला गाठलं. "हे काय करून ठेवलंत?"

"अहो बाई, चुकून झालं. फेरविचाराचा ठराव मांडता येतो ना. उद्या सकाळी मीच उभा राहतो. शब्द देतो."

त्याच संध्याकाळी बातम्या आल्या, की सभागृहाने चार्टर शाळा जवळजवळ एकमुखाने धुडकावल्या. चार्टर शाळा सरकारी शाळांचा पैसा पळवतात, असं म्हणणाऱ्या शिक्षक संघटनेने सगळ्या आमदारांच्या धैर्याचं कौतुक केलं. तिची वर्गणी मी नोकरीला लागल्यापासून भरतेय, त्यामुळे विजयाबद्दल अभिनंदनाचा निरोप मलाही आला. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. गॉर्डीला तर गावोगावहून फोन, 'सरकारी शाळेचा तारणहार' म्हणून. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तारणहार म्हटलं होतं.

सकाळी सभागृहात गॉर्डी बुटाची नाडी बांधत बसला. बांधतोय, सोडतोय, परत बांधतोय. बाकीचे छताकडे बघत होते. फेरविचाराची मुदत त्या सकाळपुरतीच होती. शेवटी ट्वायलाच उठली.

"सभापती महोदय, कालच्या मतदानाचा फेरविचार व्हावा असा ठराव मी मांडते."

"काल आपण कोणत्या बाजूने मत दिलंत?"

"विधेयकाच्या बाजूने. माझंच होतं ते."

सभापतींचा चेहरा खरंच पडला. "मग नाइलाज आहे, ट्वायला. जी बाजू जिंकली तिच्यातल्याच कुणाला तरी हा ठराव मांडता येतो."

म्हणजे अख्ख्या सभागृहातल्या कुणालाही मांडता आला असता, फक्त तिला नाही. सभापतींनी दोनदा विचारलं, "कुणी मांडतंय का?" काल जसे एकमेकांची वाट बघत होते, तसेच आजही बसले. मग गॉर्डी उठला. मला वाटलं, आली माणसाला लाज. तर तो सरकारी शाळा आणि आपली तत्त्वं यांवर भाषण करायला लागला. स्वतःच्याच आवाजाने त्याचे डोळे भरून आले. मी सज्जातून ओरडणार होते, ट्वायलाने खालूनच मान हलवून मला बसवलं.

रविवारी शाळेच्या जेवणघरात गाव जमलं. बायकांनी नूडल्स आणि टूना माशाची भांडी आणली होती, पण कुणी झाकण उघडेना. सेल्मर हाउगेन पुढच्या बाकावर होता. शाळा आहे म्हणून दोन वर्षांपूर्वी बायकोमुलींना घेऊन तो आमच्या गावात राहायला आला होता.

"ट्वायला, नावं सांग," तो म्हणाला. "आपल्याविरुद्ध कोण कोण होतं? पुढच्या निवडणुकीत बघून घेऊ."

"कुणीच नव्हतं रे."

"कुणीच नव्हतं म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांना आपली शाळा हवी होती. मला चिडवत होते फक्त." तिने समोरच्या भांड्याचं झाकण उगाच सरळ केलं. "मी आवडते त्यांना."

सेल्मरने मला विचारलं, "ताई, बस किती वाजता निघेल?"

मी सांगितलं. त्याची धाकटी सहा वर्षांची आहे. तिला पहाटे पाचला उठवावं लागेल.