फाटकावरची मोजणी

पाचवीने दोरीने बांधलेलं खोकं पुन्हा सोडलं, भांड्यांच्या खाली हात घालून हातोडी बाहेर काढली आणि बाहीला पुसली. त्या दिवशी हे तिसऱ्यांदा घडत होतं. पहिल्या वेळी भाच्याची मुलगी हसली होती. दुसऱ्या वेळी तिने दोरीला एक जास्तीची गाठ मारली होती.

"आजी, नवव्या मजल्यावर हातोडी कशाला गं? तिथे भिंतीत खिळा ठोकायचा तरी चार जणांच्या सह्या लागतात."

"तिकडे नकोय. इकडे हवीय. आज संध्याकाळपुरती."

"मग राहू दे बाहेर. मी काही आता गाठ मारणार नाही. बोटं सोलली माझी."

पाचवी हे काही तिचं नाव नव्हे. नाव होतं, चांगलं चार अक्षरी होतं, पण ते शेवटचं उच्चारलं गेलं तिच्या लग्नात, आणि तेव्हा नवरदेवानेही "ही कोण?" असं विचारलं होतं. बाकी सत्त्याऐंशी वर्षं तिचं पाचवीवर व्यवस्थित भागलं.

या जागी पहिल्यांदा पाय ठेवला तो तिच्या बापाने. तेव्हा इथे रस्ता नव्हता, शेजार नव्हता, होतं ते फक्त गवत. गाडीवर उभं राहिलं तरी डोक्यावरून जाईल असं. पहिल्या वर्षी त्याने कुंपण घातलं, दुसऱ्या वर्षी घर बांधलं, आणि मुलं अशीच मधल्या सवडीत होत गेली. ती सहा झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की एवढी नावं हाकारेपर्यंत अंधार पडतो. म्हणून त्याने नंबर दिले. फाटकाच्या खांबाला नांगराचा एक मोडका फाळ टांगला होता. सूर्य टेकला की बाप त्यावर तीन टोले द्यायचा आणि ओरडायचा, "मोजा!" गुरं आणि पोरं एकदमच आत शिरायची. त्या धुळीत कोण कोण आलं ते दिसणं शक्य नसे. म्हणून बाप डोकी मोजत नसे, आवाज मोजायचा. फाटकाच्या आत पाय पडला की आपापला आकडा द्यायचा, पाय पडल्याशिवाय द्यायचा नाही. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहा झालं की अडसर. मग बाहेर लांडगे आणि आत जेवण, असा त्या घराचा साधा हिशेब होता.

हातोडी घेऊन पाचवी काठी टेकत अंगणात आली. भाचा तिथे बुजवलेल्या विहिरीपाशी एका नव्या कोऱ्या दगडावरची धूळ रुमालाने झटकत होता. तो निवृत्त मुख्याध्यापक होता आणि कोरलेलं काही दिसलं की मोठ्याने वाचल्याशिवाय त्याला राहवत नसे.

"'सहावी. वय वर्षे सहा. घराण्याची धाकटी लेक. याच विहिरीत तिचा अंत झाला.' कसं वाटतंय, आत्या? उद्या जमीन बिल्डरच्या ताब्यात गेली तरी हा दगड हलवायचा नाही, असं कबूल करून घेतलंय मी."

"त्या विहिरीत कुणी नाही," पाचवी म्हणाली.

"आत्या, आज नको ना हे. माझ्या आजोबांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. सहा म्हणाली म्हणजे आत आली. आत आली म्हणजे आतच कुठेतरी असणार."

"माझा होता तो आवाज."

भाच्याचा रुमाल दगडावर थांबला. मुलगी दारातून बाहेर आली होती, तीही तिथेच थांबली.

पाचवीने ते एकोणऐंशी वर्षांत प्रथमच तोंडातून काढलं होतं, आणि काढल्यावर तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते फारच छोटं निघालं. सहावी रेंगाळायची. गवतात तिला काय सापडायचं कोण जाणे, पण ती सगळ्यांच्या मागे असायची आणि रोज बापाची बोलणी खायची. तिचे पुढचे दोन दात पडले होते, त्यामुळे बोलताना मध्येच बारीक शीळ वाजायची. ती शीळ पाचवीला हुबेहूब जमायची. मग दोघींचं ठरलं. पाचवीने आपला आकडा द्यायचा, दोन पावलं बाजूला सरकायचं आणि दातांतून वारा काढून धाकटीचाही द्यायचा. तोवर धाकटी धापा टाकत गुरांच्या पायांतून आत घुसायची. "मी पण देईन हं तुझा," ती म्हणायची. "एकदा तू उशीर कर ना." पण पाचवीला कधी उशीर झाला नाही.

त्या संध्याकाळीही तिने दोन्ही आकडे दिले. अडसर पडला. ताटं मांडली तेव्हा पाचच पोरं बसली.

सहाचा आकडा झालेला होता, तेव्हा पोर आत होती यात कुणालाच शंका नव्हती. रात्रभर त्यांनी घर उलथंपालथं केलं. माळा झाला, कोठार झालं, वैरणीचा ढीग दाताळ्याने उपसून झाला. दुसऱ्या दिवशी विहीर उपसली. आठ वर्षांची पाचवी काठावर कंदील धरून उभी होती, बाप दोरावरून खाली उतरत होता, आणि तिच्या तोंडाला आतून कुणी टाके घातल्यासारखं झालं होतं. तिसऱ्या दिवशी कुणाला तरी कुंपणाबाहेर पाहायचं सुचलं. गवताने काहीच परत केलं नाही. बापाने विहीर बुजवली, कारण कुठेतरी काहीतरी बुजवायला हवंच होतं.

"आत्या," भाच्याने घसा साफ केला. "पण दगड कोरून झालाय गं आता."

"असू दे. अक्षर छान आहे."

मुलगी मात्र पाचवीजवळ आली आणि तिने तिचा दंड धरला. "आजी, हे कुणालाच सांगितलं नाहीस? आजोबांनासुद्धा?"

आजोबा म्हणजे पाचवीचा नवरा. तो मोजणीदार होता. साखळी घेऊन जमीन मोजायला आला आणि राहिला. फाटकासमोरचं गवत तेवढं मोजायचं नाही, कापायचं तर नाहीच, ही तिची अट त्याने ऐकली. रोज संध्याकाळी फाटक उशिरापर्यंत उघडं का, असं त्याने एकदा विचारलं तेव्हा बिजागरी अडकते असं ती म्हणाली. पुढची एकतीस वर्षं तो बिजागऱ्यांना तेल घालत राहिला आणि बिचारा तसाच गेला. चौघे भाऊही गेले; एक, दोन, तीन, चार, अगदी शिस्तीत. लांडगे तर कधीच संपले होते. भोवतालची जमीन ट्रॅक्टरखाली गेली, रस्ता आला, रस्त्यावर दिवे आले. फाटकासमोरचा गवताचा पट्टा मात्र तस्साच होता. उद्या सकाळी यंत्र येऊन तो कापणार होतं आणि फाटकाला कुलूप लागणार होतं.

"मला एक मोजणी हवीय," पाचवीने हातोडी मुलीच्या हातात दिली. "शेवटची. मी गवतातून येते. तू टोले दे. चौघांची जागा सोडायची, मग पाच मी देईन. सहाला कुणी काही बोलायचं नाही. पुरेसं थांबायचं आणि मग अडसर लावायचा. एकदा तरी ती जागा रिकामी ऐकायचीय मला."

"आणि थांबल्यावर कुणी बोललंच तर?" मुलगी हसत म्हणाली, पण हसणं अर्ध्यावरच राहिलं.

"तर आत घ्यायचं. कुठे होतीस म्हणून विचारायचं नाही."

"आत्या, साप असतात तिथे," भाचा म्हणाला.

"त्यांना मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखते. तू माझ्या मागे यायचं नाहीस. आणि तिला मध्येच धडे द्यायचे नाहीत."

पाचवी फाटकाबाहेर पडली. पट्ट्यातून जेमतेम एका माणसापुरती पायवाट होती. तिच्याच पायांनी मळलेली. वीस पावलांवर रस्त्याचा आवाज बंद झाला. तिसाव्या पावलावर तिने मागे पाहिलं तर घराचं छप्पर दिसेना. गवत तिच्या डोक्याच्या वर होतं. ते अलीकडे वाढलं की आपण खाली आलो, हे तिने कधी नक्की केलं नव्हतं. वारा नव्हता, तरी उजव्या हाताची पाती हळूहळू वाकत होती आणि सरळ होत होती. ती थांबली की तीही थांबत.

सूर्य टेकला. फाळावर तीन टोले पडले. आवाज जुनाच होता. लोखंडाला वय नसतं.

"मोजा!" मुलीने हाक दिली.

पाचवी परत फिरली आणि काठी टेकत फाटकाकडे चालू लागली. एकची जागा गेली. दोनची गेली. तीन नेहमी जांभई देत आकडा द्यायचा, त्याला तिने थोडा जास्त वेळ दिला. चारची गेली. अजून दहा-बारा पावलं उरली होती. आयुष्यात पहिल्यांदाच पाचवीला उशीर झाला होता.

तिने पाय उचलला.

"पाच!"

आवाज फाटकाच्या आतून आला. खणखणीत होता, थोडा धापा टाकत होता आणि शेवटाला त्याच्यात बारीक शीळ होती.

पाचवीचा पाय होता तिथेच टेकला.

"आली?" मुलीचा आवाज. "बाबा, एवढ्यात आत कधी आली? मला दिसली नाही."

"पाच म्हणाली ना? मग आली. आमच्याकडे पाय आत पडल्याशिवाय कुणी आकडा देत नाही. थांब जरा आता, सहाचं थांबायला सांगितलंय तिने."

ते थांबले. चांगलं पुरेसं थांबले. गवतात कुठेही काही हललं नाही. सहाची जागा रिकामी गेली, तिला हवी होती तशी. फक्त ती ऐकायला पाचवी भलत्याच बाजूला उभी होती.

"लाव."

अडसर पडला. बिजागरी जराही कुरकुरली नाही. एकतीस वर्षांचं तेल होतं त्यात.

पाचवीने तोंड उघडलं. आवाज होता, तिने आधी तो घशात चाचपून पाहिला. एक हाक दिली असती तर मुलगी धावत आली असती. कुंपणापलीकडे घरातला दिवा लागला, मग माजघरातला, मग माळ्यावरचा. "आजी?" मुलगी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक देत चालली होती. "आजी, कुठे बसलीस गं?" भाचा टॉर्च घेऊन कोठाराकडे वळला, मग थोडा घुटमळला आणि विहिरीकडे गेला.

पाचवीने तोंड मिटलं. आत शोधायला किती वेळ लागतो हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

उजव्या बाजूची पाती पुन्हा वाकली. या वेळी पाचवी थांबलेलीच होती, तरी ती थांबली नाहीत. पाचवीने काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात मोकळा सोडला, आणि ती पायवाटेच्या कडेला सरकून चालू लागली, कारण वाट एकाच माणसापुरती होती.