सोयीची कावीळ

"पी म्हनते ना! नाक धर आन् पी!" सासूबाई हिरव्या रसाचा पेला माझ्या ओठाला लावत होत्या.

"आत्याबाई, डाक्टरनी पाला नगं म्हनून सांगितलंय."

"डाक्टरला काय कळतंय काविळीतलं? माझ्या भावाची ह्याच पाल्यानं गेली."

तेवढ्यात शेजारची लंकाबाई ऊस घेऊन हजर. सकाळी कुणी फुटाणे दिले होते, कुणी मुळे. आमच्या पेठ गावात एखाद्याचे डोळे पिवळे झाले की सगळेच डॉक्टर होतात. नुसता वैताग! आणि तक्रार तरी कुठल्या तोंडाने करू? कावीळ मीच पुढे केली होती.

तशी ती खोटी नव्हती. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा दोन आजार निघाले. एक ही ‘हिपॅटायटिस बी’ची, लिव्हरची कावीळ, दुसरा एचआयव्ही. घरी मी एकच सांगितला. काविळीला लोक ऊस आणतात. दुसऱ्या आजाराला काय करतात ते मी पाहिलं होतं. वरच्या आळीतला भागू गेला तेव्हा खांद्याला चौथा माणूस मिळेना.

पुण्यात फुकट गोळ्या तेव्हा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. "ह्या गोळ्या दोन्ही आजारांना आवरून धरतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "मध्येच सोडल्यास तर दोन्ही उसळतील. आणि झाडपाला अजिबात घेऊ नकोस." तिथल्या बाकावर ओझरकडची चिमाबाई भेटायची. तीही याच गोळ्यांवर. ती दर वेळी म्हणायची, "घरात एकाला तरी सांग बाई. एकटीच्यानं निभत न्हाई."

सांगायला सोपं असतं. घरात होतंच कोण? मी आणि सासूबाई. त्यांचा सोमनाथ, म्हणजे माझा नवरा, दोन वर्षांपूर्वी टीबीने गेला असंच त्या धरून होत्या. टीबी होताच. तो कशामुळे जडला ते मलाही माझा रिपोर्ट आल्यावर कळलं.

तो हिरवा रस त्यांची पाठ वळताच मी ओतून दिला. संध्याकाळी गोळीच्या वेळेला तुरीच्या डाळीच्या डब्यात हात घातला, तर गोळ्यांची बाटली नाही. डबा पालथा केला. नाहीच.

"आत्याबाई, हितली बाटली?"

"टाकली," सासूबाई भाकरी थापत म्हणाल्या. "तळेघरकडच्या मुळीवाल्यानं सांगून धाडलंय, इंग्रजी गोळी चालू आसली तर मुळी लागू व्हत न्हाई. तुझ्या भल्यासाठीच टाकली."

माझं डोकंच फिरलं.

"भलं? जीव घेताय माझा! नुसती कावीळ न्हाई मला. भागूला व्हता त्यो आजार हाय, एड्सचा! त्या गोळीवर जगतीया मी!"

बोलून गेले. तव्यावरची भाकरी करपली तरी सासूबाईंनी उलटली नाही. मग हळूच विचारलं, "आन् माझा सोमा?"

"त्येंलाबी त्योच."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगून काय केलं आसतंत?"

त्यांनी करपलेली भाकरी तव्यावरून काढली. मी रागाने फणफणत बसले.

दारात लंकाबाई आली. "गजराबाई, मुळीवाला रविवारी गावात येतोय. सुनंचा नंबर लावू का?"

आता सासूबाईंच्या तोंडून एक शब्द निघाला की संपलं सगळं.

"नगं," त्या म्हणाल्या. "हिला पुण्याचीच गोळी लागू पडलीया. हिची कावीळ लई चिवट हाय बाई. वर्सानुवर्सं औषिद लागनार."

लंकाबाई हळहळत गेली. सासूबाई कंदील घेऊन मागच्या दाराने बाहेर पडल्या. मेंढरांच्या लेंड्यांचा ढीग कोपरापर्यंत हात घालून त्या उकरत राहिल्या. वाकताना कण्हत होत्या. मला मदतीला जायचं सुचलं नाही. बाटली घेऊन आल्या. झाकण घट्ट होतं. त्यांनी ती राखेने घासली, दोनदा धुतली आणि पदराने पुसली.

मी हात पुढे केला. त्यांनी बाटली जमिनीवर ठेवली आणि बोटाच्या टोकाने माझ्याकडे सरकवली.

"जेवनाआदी घ्यायची का मागनं?" त्यांनी विचारलं.