कुंचीला लावलेली व्हालाँसिएन

या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून ऐकायची ही गोष्ट नाही. हिच्यातला धागा इतका बारीक आहे की लांबून दिसायचा नाही. रामजन्माच्या दिवशी, भर कीर्तनात, एक बाई संतापून उठली आणि तिनं थेट रामाच्या पाळण्याला हात घातला. तिची हकीकत सांगायची आहे. ऐकून झाल्यावर तिला बोल लावायचा तर खुशाल लावा.

बाईचं नाव नंदा. गाव मिशिगनमधलं ॲन आर्बर, साल दोन हजार सहा. नवरा विद्यापीठात संशोधक, आणि हिला व्हिसामुळे नोकरी करायची बंदी. नागपूरला कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी ही बाई इथे खिडकीतून बर्फ बघत बसली. तीन वर्षांपूर्वी अशाच एका हिवाळ्यात लायब्ररीच्या लेस शिकायच्या वर्गात तिला ओदिल मार्शां भेटल्या. वय ऐंशीच्या पुढे, मूळच्या फ्रान्सच्या. मांडीवर घट्ट भरलेली उशी, उशीवर टाचण्यांचं रान, आणि भोवती सूत गुंडाळलेल्या दीडशे लाकडी फिरक्या. फिरक्या एकमेकींवरून टाकायच्या, पीळ द्यायचा, टाचणी टोचायची. दिवसभर मान मोडून बसलं की बोटाच्या नखाएवढी लेस उतरायची.

या लेसचं नाव व्हालाँसिएन. फूल आणि भोवतीची जाळी एकाच सुतात, एकाच वेळी विणलेली. वरून काही शिवलेलं नाही. आणि तिचा एक कडक नेम: ज्या हातानं सुरुवात केली त्याच हातानं शेवट करायचा. हात बदलला की सुताची ओढ बदलते, आणि जाणत्याला ते लगेच कळतं.

मादाम ओदिलचे स्वतःचे डोळे अधू होत चालले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उन्हाळ्यापर्यंत दिसेल, पुढचं सांगता येत नाही. त्यांच्या पणतीचा बाप्तिस्मा ईस्टरला ठरला होता. पणतीच्या झग्याला हातची व्हालाँसिएन लागलेली आपल्या डोळ्यांनी बघायची, एवढंच त्यांनी मागितलं होतं. नंदानं तीन वर्षं खपून पुरी केलेली सव्वा मीटर त्या झग्यासाठी द्यायचा शब्द दिला.

गावातल्या मराठी मंडळातल्या बायकांनी ती तीन वर्षं तिची थट्टा केली होती. "एमएस्सी करून दोरे वळतेस होय गं?" असं रत्नाकाकू तर दर हळदीकुंकवाला विचारायच्या. म्हणून नंदाला एकदा मिरवायची हौस आली. शनिवारी रामनवमीचं कीर्तन होतं. आदल्या दिवशी तिनं लेस निळ्या कागदात गुंडाळून रत्नाकाकूंकडे दिली. "पाळण्यापुढे नुसती अंथरा काकू. संध्याकाळी परत न्यायची आहे."

"अगं, माझ्यावर सोड!" काकू म्हणाल्या.

शाळेच्या कॅफेटेरियात कीर्तन उभं राहिलं. मुलाकडे राहायला आलेले एकनाथबुवा गळा मोकळा करून गात होते. बाराला पाच मिनिटं उरली. रिवाजाप्रमाणे नारळाला रामबाळ करून पाळण्यात ठेवला होता, डोक्याला जरीची कुंची. कुंचीच्या कडेनं व्हालाँसिएन. पाळण्याच्या चारी दांड्यांनाही व्हालाँसिएन, स्टेपलरनं ठोकलेली. कापलेल्या टोकांतून सूत उसवून लोंबत होतं.

नंदा काकूंच्या शेजारी सरकली. 

"काकू, कापलीत?"

"हो गं, लांब होत होती. किती छान दिसतेय ना? तुला अजून हवी तर पुढच्या ट्रिपला रविवार पेठेतून आणते मीटरनं. हीच मिळते, सोनेरीतसुद्धा."

"मीटरनं? तीन वर्षं लागली मला! माझी नाहीये ती. कुणाला तरी शब्द दिलाय मी!"

"हळू बोल, कीर्तन चाललंय. आणि देवाला वाहिलेलं कुणी परत मागतं का? पुण्यच लागलं तुला."

हे 'पुण्य' ऐकलं आणि नंदा पेटली. कात्री तुम्ही चालवलीत आणि नाव देवाचं? ती उठली, चपळाईनं पाळण्यापाशी गेली आणि स्टेपलच्या पिना नखांनी उपसायला लागली. "अहो, आवरा तिला," कुणीतरी ओरडलं. टाळ थांबले.

बुवांनी हात वर केला. "थांबा. काय झालं बाळ?"

नंदानं रडत, ओरडत सगळं सांगितलं. बुवा ऐकत राहिले. मग रत्नाकाकूंकडे वळून म्हणाले, "ताई, वस्तू ज्याची त्यानंच वाहायची असते. दुसऱ्याची उचलून माझ्या रामाच्या डोक्यावर ठेवलीत, आता चोरीचा माल तो घालणार कसा?" त्यांनी स्वतः नारळावरची कुंची काढली आणि नंदाच्या हातात दिली. "बारा वाजले. आज राम बोडक्या डोक्यानं जन्मू दे. त्याला चालतं." आणि त्यांनी पाळणा म्हणायला घेतला, तो असा की काकूंचेही ओठ हलले, डोळे मात्र जमिनीवर होते.

नंदा कुंची आणि दांड्यांवरचे तुकडे घेऊन, सुंठवडा न घेताच निघाली.

वृद्धाश्रमातल्या आपल्या खोलीत मादाम ओदिलनी तुकडे बोटांनी चाचपले. नंदाला वाटलं, म्हाताऱ्या बाई समजूत घालतील. त्यांनी फ्रेंचमध्ये अशा काही शिव्या हासडल्या की शेजारच्या खोलीतली नर्स डोकावली.

"मीच मिरवायला नेली मादाम."

"मिरवायची नाही तर विणायची कशाला? पण कात्री असलेल्या घरी ठेवलीस, मूर्ख मुली!"

"जोडून लावू का?"

"तुकडा? माझ्या पणतीला? नाही. आठ दिवस आहेत. उशी घे."

रोज सकाळी नंदा त्यांच्या खिडकीपाशी उशी घेऊन बसायची. पहिल्या दिवसाचं काम मादामनी भिंग लावून बघितलं आणि उसवायला लावलं. "जाळी आवळली आहेस. राग घरी ठेवून ये."

"घरी ठेवला तर घर जळेल."

मादाम खो खो हसल्या. "मग फिरक्यांना सांग. माझ्याही चार शिव्या घाल."

फिरक्यांची टकटक आठ दिवस चालली. रत्नाकाकूंचे दोन फोन आले. नंदानं घेतले नाहीत. शनिवारी उशीवरून उतरली ती जेमतेम तीन इंच. झग्याची कड कोरीच राहिली. ती तीन इंच गळ्यापाशी लागली, आणि ईस्टरच्या उन्हात मादाम ओदिलनी पोरीला मांडीवर घेऊन, भिंग तिच्या हनुवटीखाली धरून, एकेक फूल मोजलं. "सहा," त्या म्हणाल्या. "एकाच हाताची." पोरगी भिंग चाटायला बघत होती.

जूनमध्ये त्यांची नजर गेली. नंदाचा राग अजून पुरता गेलेला नाही, आणि तो गेला असं खोटं मी सांगणार नाही. माझं एवढंच मागणं आहे, पुढच्या रामनवमीला पाळण्याची दोरी हाती आली की एका झोक्यापुरती ओदिल मार्शांची आठवण काढा.